तळ्याच्या मध्यभागी गणपूर्ती

हे सगळं सुरू झालं ते अर्धवट झोपेतल्या एका वाक्याने.

रविवारची दुपार होती. ही खिडकीजवळच्या आरामखुर्चीत शाळेचे हजेरीपट मांडीवर घेऊन पडली होती आणि मी समोर बसून काहीही करत नव्हतो. हे काम मला चांगलं जमतं. पडदा वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय गं, तुला काही हवंय का?" माझ्या मनात चहा होता.

ती डोळे न उघडता म्हणाली, "होडीत बसायचंय."

आणि झोपली.

आता, चोवीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे जे जे मागितलं ते मी बोटांवर मोजू शकतो. उशांचे अभ्रे, संडासाच्या दाराला नवी कडी, आणि पाहुणे असताना मी जरा कमी बोलावं, एवढंच. पैकी कडी मी बसवली होती. त्यामुळे ते 'होडीत बसायचंय' माझ्या कानात जाऊन बसलं ते निघेना. उठल्यावर तिला तर ते आठवतही नव्हतं. मी ठरवलं, सांगायचं नाही. एके दिवशी संध्याकाळी हिला म्हणायचं, 'चल, जरा तळ्यापर्यंत जाऊन येऊ,' आणि तिथे होडी तयार. मी वल्हवतोय, ही पाण्यात बोटं बुडवून बसलीय, आणि आजूबाजूला कोणीही नाही. या चित्रात मी थोडा बारीकही झालो होतो.

आमच्या गावात तळं आहे आणि तळ्यात होडीही आहे. म्हणजे तळ्यात नव्हे, काठावर. पालथी. एका खांबाला साखळीने बांधलेली, शेवाळ धरलेली, आणि शेजारी पाटी: 'नगरपरिषदेची मालमत्ता. परवानगीशिवाय हात लावू नये.' मी हात न लावता तिच्याभोवती एक फेरी मारली. बागेचा माळी हातात झारी घेऊन माझ्यामागून फिरत होता.

"ही कोणाला विचारून मिळते हो?" मी म्हटलं.

"मला नका विचारू. माझं काम झाडांचं. पाणी लागलं की माझी हद्द संपली."

"पण होडी तर जमिनीवर आहे."

त्याने होडीकडे आणि तळ्याकडे आळीपाळीने पाहिलं. "पण जाणार तर पाण्यातच ना?" असं म्हणून तो गुलाबांकडे निघून गेला.

मी विमा कंपनीत पत्रव्यवहार विभागात आहे. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस अजून भेटायचाय. तीन परिच्छेदांचा, समास सोडून, सुवाच्य अक्षरात अर्ज घेऊन मी नगरपरिषदेच्या कचेरीत गेलो. हेडक्लार्क हा एक सडपातळ, सावकाश बोलणारा गृहस्थ. टेबलावर सात रबरी शिक्के उंचीप्रमाणे मांडलेले. त्याने अर्ज वाचला, मागची कोरी बाजूही वाचली, आणि एक जाडजूड रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत तो एका ओळीवर थांबला.

"होडी, नग एक. फर्निचरमध्ये आहे."

"फर्निचर?"

"हे बघा. बाकं, काळे फळे, होडी, खुर्च्या. फर्निचर जागेवरून हलवायचं तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, दुपारी तीन वाजता. तुमचा विषय क्रमांक सतरा."

"माझ्या आधी सोळा आहेत?"

"आहेत," तो म्हणाला, आणि त्या तीन अक्षरांत मला एखाद्या लांबच्या डोंगररांगेकडे पाहिल्यासारखं वाटलं.

माझा विचार गुपचूप राहण्याचा होता. पण आमच्या बिल्डिंगमध्ये गुपित ठेवायला कपाटं कमी पडतात. तळमजल्यावर एक निवृत्त भूमापक राहतात, त्यांना सगळे मोजणीकाका म्हणतात. ते त्याच संध्याकाळी टेप घेऊन वर आले. माझी छाती मोजली, हात मोजले, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तुम्हाला वल्हवता येतं?"

"त्यात काय यायचंय?"

"तेच तर. सगळे असंच म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. मी पलंगावर बसायचं, दोन्ही हातांत एकेक झाडू, आणि काकांनी दारात उभं राहून ओरडायचं, "डावा जोरात! उजवा उचला! अहो, उजवा म्हणजे जेवायचा!" वरच्या मजल्यावरच्या मावशी मधूनमधून डोकावून जात. त्यांचा सल्ला असा की पाण्यात पडायची वेळ आलीच तर तोंड मिटून पडावं. तिसऱ्या दिवशी मला लय सापडली. डोळे मिटले की पलंग खरोखर पुढे सरकल्यासारखा वाटे, चादरीच्या सुरकुत्या लाटांसारख्या मागे जात. अशाच एका लाटेवर असताना मी डोळे उघडले तर दारात काकांच्या जागी ही उभी. खांद्याला शाळेची पिशवी, हातात पाण्याचे दोन रिकामे कॅन.

"हे काय चाललंय?"

"जळमटं," मी म्हणालो.

तिने छताकडे पाहिलं, झाडूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता आत गेली. माणसाने चिडावं, हसावं, काहीतरी करावं. असं नुसतं आत जाणं फार लागतं.

पहिल्या गुरुवारी मी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहात हजर झालो. उंच छत, त्याला लांब दांड्याचे तीन पंखे, आणि त्यांचा असा आवाज, की कोणीतरी फार प्रेमाने थोपटत असावं. जाळीच्या खिडक्यांतून उन्हाच्या चौकटी टेबलावर पडल्या होत्या आणि सभा जसजशी पुढे जाईल तसतशा त्या एकेका सदस्याच्या अंगावरून हळूहळू सरकत होत्या. नगरपरिषदेचे सदस्य सात. त्यातले तिघे केवळ यादीत भेटतात. उरलेले चौघे समोर होते: अध्यक्षबाई, ज्यांची मोठी लाँड्री आहे आणि ज्यांच्या साडीला कधी चुणी दिसलेली नाही, औषधवाले, जे प्रत्येक वाक्य दोनदा तपासून देतात, तालीमवाले, ज्यांच्या दंडांना खुर्चीचे हात पुरत नाहीत, आणि फोटोवाले, जे सतत घड्याळ बघतात. चार म्हणजे बरोबर गणपूर्ती. एक जरी उठला तरी सभा मोडली.

हेडक्लार्कने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' त्याच्या आधीच्यातही तेच. हे इतिवृत्त कायम करण्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मी तोवर विषयपत्रिका चाळत होतो. रस्त्यावरचे दिवे. मंडईचे पत्रे. गटारावरची झाकणं. आणि विषय क्रमांक सात: 'प्राथमिक शाळेतील पिण्याच्या पाण्याच्या नळाबाबत मुख्याध्यापिकांचा अर्ज. आठ महिने प्रलंबित.'

ती मुख्याध्यापिका माझी बायको होती.

रोज सकाळी ही दोन कॅन भरून रिक्षात घालून शाळेत न्यायची. मला वाटायचं, झाडांसाठी. मी कधी विचारलं नव्हतं. आठ महिने मी खिडकीतून ते कॅन रिक्षात चढताना पाहत होतो आणि एकदाही माझ्या तोंडून 'कशाला गं?' एवढं निघालं नव्हतं. त्या पंख्याखाली बसल्या बसल्या माझ्या इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला.

मी उठून हेडक्लार्कच्या कानाशी लागलो. "सात नंबर आधी घेता येणार नाही का?"

"क्रमाने येतं साहेब."

तेवढ्यात फोटोवाले उठले. "माझं एक लग्न आहे," म्हणाले. म्हणजे दुसऱ्याचं. ते दारातून बाहेर पडले, आणि हेडक्लार्कने शांतपणे लिहिलं, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब.' त्याला ते वाक्य न बघता लिहिता येत होतं.

घरी आल्यावर मी हिला म्हटलं, "उद्यापासून कॅन मी उचलत जाईन." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार उजाडला. महिनाभर मी रोज सकाळी कॅन रिक्षात चढवत होतो, त्यामुळे दंड दुखत होते आणि मन थोडं हलकं होतं. सभागृहात तेच पंखे, तेच ऊन, तेच चौघे. अध्यक्षबाईंनी जांभई दाबत विषयपत्रिका उलटसुलट केली आणि त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर पडलं.

"हे होडीचं काय आहे?"

'होडी' म्हणताच सभागृहात असं काही झालं, जणू बंद खोलीत कोणीतरी खिडकी उघडली. औषधवाल्यांनी डोळे उघडले. तालीमवाले पुढे वाकले. फोटोवाल्यांनी मनगट खाली घेतलं.

"आपल्याकडे होडी आहे?" तालीमवाले म्हणाले. "मी एकेकाळी वल्हवायचो."

"ती सुस्थितीत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय निर्णय घेणं योग्य होणार नाही," औषधवाले म्हणाले. "योग्य होणार नाही."

"मग बघून येऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि खुर्ची सरकवून चक्क उभ्या राहिल्या.

हेडक्लार्क अस्वस्थ झाला. "बाई, सभा तहकूब करायची का?"

"तहकूब कशाला? तळ्यावर चालू ठेवू."

त्याने लिहिलं, 'स्थळपाहणीसाठी सभेची जागा बदलण्यात येत आहे. सभा चालू.' आणि आमची मिरवणूक निघाली. पुढे अध्यक्षबाई, मागे तिघे सदस्य, त्यांच्यामागे रजिस्टर, अर्जांची फाईल आणि शिक्के छातीशी धरलेला हेडक्लार्क, शेवटी मी. दुपार कलली होती. रस्त्यावर झाडांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, आणि इतकी मोठी माणसं माझ्या अर्जामुळे चालताहेत या जाणिवेने माझी मान नको तितकी ताठ झाली होती.

हेडक्लार्कने साखळी सोडली आणि तालीमवाल्यांनी होडी एकट्याने सुलटी केली. आतून एक बेडूक आणि दोन वल्ही निघाली. होडी पाण्यात ढकलल्यावर बुडाली नाही, याचं सर्वांनाच नवल वाटलं, आणि त्या नवलाच्या भरात अध्यक्षबाई तीत जाऊन बसल्या. मग औषधवाले. मग फोटोवाले, "दोनच मिनिटं" म्हणत. तालीमवाल्यांनी वल्ही घेतली. हेडक्लार्क मात्र काठावरच थांबला.

"कार्यालयाचे शिक्के पाण्यावरून नेण्याची तरतूद नाही," तो म्हणाला, आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. "अर्जदाराने बसावं. नोंदी करा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

माझ्या अक्षराचं कौतुक झालं की मी कुठेही बसतो.

तालीमवाल्यांनी पहिला झटका दिला तो असा, की आम्ही चौघेही मागे पडलो आणि होडी थेट पंधरावीस हात आत गेली. दुसऱ्या झटक्याला उजवं वल्हं गाळात रुतलं. तिसऱ्याला त्यांनी ते उपसायचा प्रयत्न केला आणि ते मधोमध मोडलं. डावं वल्हं या गडबडीत त्यांच्या हातून सुटून शांतपणे कमळांकडे निघून गेलं. होडी मात्र उरलेल्या जोरावर सरकत सरकत तळ्याच्या अगदी मध्यावर गेली, तिथे स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि थांबली.

पाणी थोडा वेळ हलत राहिलं आणि मग तेही स्थिर झालं. आभाळ होडीच्या खाली दिसू लागलं. एक बदक येऊन आम्हाला बघून गेलं.

"उतरून चालत गेलं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पाणी कमरेइतकं, पण गाळ किती ते सांगता येत नाही," औषधवाले म्हणाले. "सांगता येत नाही."

काठावरून माळी ओरडला, "दोर आणायला पाहिजे! कोठीत असेल!" कोठीची किल्ली दुसऱ्या क्लार्ककडे होती आणि तो क्लार्क रजेवर होता. माळी त्याच्या घराकडे निघाला. चालत.

बातमी माळ्याच्या आधी गावात पोचली. मोजणीकाका आले आणि हाताच्या अंगठ्याने आमचं अंतर मोजू लागले. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी "तोंड मिटून ठेवा!" असं मला उद्देशून ओरडून सांगितलं. तेवढ्यात शाळा सुटून घरी निघालेली ही काठावर आली. दोन्ही हातांत दोन रिकामे कॅन. मी रजिस्टर तोंडासमोर धरलं. पण चोवीस वर्षांनंतर माणूस गुडघ्यांवरूनही ओळखता येतो.

"अहो! तुम्ही तिथे काय करताय?"

"स्थळपाहणी!" मी म्हटलं.

तिने कॅन खाली ठेवले. पदर खोचला. हेडक्लार्ककडे वळून तिने जे विचारलं ते आम्हाला पाण्यावरून स्पष्ट ऐकू आलं.

"होडीत सदस्य किती आहेत?"

"चार."

"सभा तहकूब झालीय?"

हेडक्लार्कने होडीकडे पाहिलं. माझी खात्री आहे, तो किंचित हसला. "नाही बाई. चालू आहे."

"मग विषय घ्या ना. पहिल्यापासून."

फोटोवाले घाईने उठले. "पण माझं ते बारसं—" होडी कलली. त्यांनी एक पाय पाण्यावर धरून पाहिला, खाली निरखलं, आणि पाय परत आत घेऊन ते अगदी हळू बसले. गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच नगरपरिषदेची गणपूर्ती पक्की झाली होती.

आणि मग सभा झाली. काठावरून हेडक्लार्क विषय वाची, पाण्यावरून त्याचा आवाज थोडा उशिरा आणि गोल होऊन येई. पहिल्या विषयाला सगळ्यांनी हात वर केले तेव्हा होडी इतकी डोलली, की पुढचं मतदान एकेका बोटाने करायचं ठरलं. रस्त्यावरचे दिवे: चार बोटं. मंडईचे पत्रे: चार बोटं. गटाराच्या झाकणांवर तालीमवाल्यांना भाषण करायचं होतं. पण उभं राहता येत नसल्याने ते दोन वाक्यांत आटोपलं. सभागृहात जी माणसं एकमेकांवर तोंडसुख घेत, ती इथे गुडघ्याला गुडघा लावून हळू आवाजात बोलत होती. बसून बोललं की आवाज वाढत नाही, आणि होडीत सगळ्यांना बसावंच लागतं. ऊन केशरी झालं होतं. होडी जागच्याजागी फिरत होती, त्यामुळे प्रत्येक ठरावाला समोरचा काठ बदलत होता. दिव्यांच्या वेळी घाट दिसत होता, पत्र्यांच्या वेळी बाग.

"विषय क्रमांक सात," हेडक्लार्कने वाचलं, आणि होडी फिरत फिरत नेमकी तिच्यासमोर आली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे आता नऊ महिने? मग मुलं पाणी कुठलं पितात?"

हिने फक्त ते दोन कॅन उचलून दाखवले.

औषधवाले म्हणाले, "मंजूर." ते दोनदा म्हणाले नाहीत. चार बोटं वर झाली. मी 'एकमताने मंजूर' लिहिलं, आणि एवढं वळणदार अक्षर माझ्या हातून त्याआधी कधी आलं नव्हतं.

सोळाव्या विषयापर्यंत माळी दोर घेऊन परतला होता. मला वाटलं, सुटलो. पण हेडक्लार्कने हात वर करून त्याला थांबवलं. "एक विषय राहिला. सतरा. नियमाप्रमाणे अर्ज पूर्ण वाचावा लागतो."

"नको!" मी ओरडलो.

त्याने वाचला. आख्ख्या तळ्याला ऐकू जाईल असा. "'महोदय, अर्जदाराच्या पत्नीने चोवीस वर्षांत प्रथमच होडीत बसण्याची इच्छा व्यक्त केली असून, ती झोपेत व्यक्त केलेली असल्याने खरी असावी असे अर्जदारास वाटते...'"

मी रजिस्टरात तोंड खुपसलं. काठावर गावातली निम्मी माणसं होती. कोणीतरी फिसकन हसलं; मोजणीकाकांनी त्याला दटावलं. बऱ्याच वेळाने मी मान वर केली तेव्हा ही चष्मा काढून पदराने पुसत होती. काच कितीही खराब असली तरी इतकं पुसावं लागत नाही.

अध्यक्षबाईही मान डोलावत होत्या. पण त्यांची साडी आयुष्यात प्रथमच भिजली होती. "अर्ज छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण ही होडी धोक्याची आहे. लिहा. नागरिकांना नौकाविहारास कायमची मनाई." चार बोटं. मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात, स्वतःचा अर्ज फेटाळला. औषधवाल्यांनी वाकून 'नौका'तला कानामात्रा तपासला.

तेव्हा हेडक्लार्क खाकरला. "ऐनवेळचा एक विषय आहे. तळ्याची मासिक पाहणी. नियमात आहे, पण समितीच नेमलेली नाही. पाहणी पाण्यातून करावी लागते. सदस्यांपैकी कोणाची तयारी आहे?"

चौघांनी आपापली बोटं मुठीत घट्ट मिटली.

"मग दोन सुशिक्षित नागरिक चालतील," तो म्हणाला. "एकाचं अक्षर चांगलं हवं. दुसरी व्यक्ती जबाबदार हवी."

दोर फेकला गेला. माळी आणि मोजणीकाकांनी आम्हाला ओढून घेतलं. उतरताना अध्यक्षबाईंनी सर्वांचा निरोप घेतला आणि त्या म्हणाल्या, सभा छान झाली.

तीन आठवड्यांत शाळेत नळ आला. पहिल्या दिवशी मी बघायला गेलो होतो. मुलांनी पाणी प्यायलं कमी आणि अंगावर जास्त उडवलं, आणि ही त्यांना न रागावता भिंतीला टेकून उभी होती.

पहिली पाहणी त्यानंतरच्या रविवारी झाली. तालीमवाल्यांनी लाजत नवी वल्ही आणून दिली. हेडक्लार्कने छापील तक्ता दिला: पाण्याचा रंग, कमळे, पक्षी, इतर, शेरा. मी वल्हवलं. पलंगापेक्षा पाणी बरंच जड असतं. आम्ही दोनदा गोल फिरलो आणि एकदा घाटाला धडकलो. हिने पाण्यात बोटं बुडवली ती काढलीच नाहीत. पाण्याचा रंग लिहायचा तर तो दर मिनिटाला बदलत होता. कमळं मोजताना ती तीनदा चुकली. वारा पडला तेव्हा मी वल्ही आत घेतली आणि आम्ही नुसते तरंगत राहिलो. तिने मग तक्ता माझ्या हातून घेतला, गुडघ्यावर ठेवला, आणि सगळे रकाने मोकळे सोडून शेवटच्या रकान्यात लिहिलं:

'पाहणी अपूर्ण.'